नोकरी चांगली आहे, पण पुढची दिशा ठरत नाही : विचार करून उत्तर सापडते की काम करून पाहूनच?

सुरंगी
मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे आणि लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काही वर्षांपासून नोकरी करते आहे. राहते चिपळूणला, घर गुहागर तालुक्यात. पगार वेळेवर होतो, सहकारी समजूतदार आहेत आणि कामही मला नीट येते. तरीही आणखी वीस-पंचवीस वर्षे हेच करायचे आहे असे मनाशी म्हटले की होकार येत नाही.

दुसरे काय करायचे, याचे उत्तरही माझ्याकडे नाही. कधी राज्यसेवेचा अभ्यास करावासा वाटतो, कधी घरच्या आंबा-कोकमांवर प्रक्रिया करणारा छोटा उद्योग डोळ्यांसमोर येतो, तर कधी घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देऊन तेच चालवावे असे वाटते. रात्री वहीत प्रत्येक पर्यायाचे फायदे-तोटे लिहिते आणि महिन्याभराने वही उघडली की तेच मुद्दे त्याच क्रमाने पुन्हा लिहिलेले दिसतात.

आपला कल कशात आहे हे तुम्ही कसे ओळखले? शांत बसून विचार केल्यावर ते स्पष्ट झाले, की काहीतरी प्रत्यक्ष करून पाहिल्यावर? नोकरी न सोडता काम करून पाहण्याचा मार्ग कोणी काढला असेल, तर तो मला विशेष जाणून घ्यायचा आहे.

खाडीकाठ
वही सोडू नका, पण तिच्यात वेगळे काही लिहा. तुम्ही व्यवसायांची नावे लिहीत आहात, आणि नावांची तुलना करून काहीच कळत नाही, कारण प्रत्येक नावाखाली दहा निरनिराळी कामे असतात. आताच्या नोकरीचेच पाहा. नमुना काढणे, टायट्रेशन (द्रावणातील घटकाचे प्रमाण मोजणे) करणे, उपकरणाचे प्रमाणीकरण करणे, नोंदी ठेवणे, नवीन मुलांना शिकवणे, नमुना नापास झाल्यावर उत्पादन विभागाशी होणारा वाद निभावणे आणि रात्रपाळी करणे, ही सगळी वेगवेगळी कामे आहेत. रोज संध्याकाळी यांतले कोणते काम मन लावून झाले आणि कोणते उरकले, एवढेच दोन ओळींत टिपून ठेवा. काही आठवड्यांत तुम्हाला प्रयोगशाळेचा कंटाळा आला आहे, की पाळ्यांचा, की त्या रोजच्या वादाचा, हे वेगवेगळे दिसू लागेल.

पाळ्यांचा असेल, तर क्षेत्र बदलण्याचे कारण नाही. रत्नागिरीत मासळी प्रक्रिया करून निर्यात करणारे कारखाने आहेत, आणि निर्यातीचा माल तपासणीशिवाय जात नाही. त्यासाठी 1963 पासून स्वतंत्र कायदा आहे. तिथे तुमच्याच ज्ञानाचे लोक लागतात. पाणी तपासणी आणि अन्न तपासणी ही क्षेत्रेही तुम्हाला जवळची आहेत.

निवृत्त मास्तर
मी देवगड तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवत होतो. 2016 पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली जात असे. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, हे त्या चाचणीतून दाखवले जाई. उपक्रम चांगल्या हेतूचा होता आणि पालकांशी बोलायला त्याचा उपयोगही झाला. तथापि निकाल वाचताना मला एक गोष्ट सतत जाणवायची. आमच्या मुलांनी जवळून पाहिलेली माणसे म्हणजे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, एसटीचे वाहक, पोलीस, बागायतदार आणि मुंबईहून गणपतीला येणारे चाकरमानी काका. जे पाहिलेच नाही त्याची आवड मुलाने कशी सांगावी? आवडीची यादी म्हणजे बव्हंशी पाहिलेल्याची यादी असते.

सुरंगीताई, तुमच्या वहीत तेच मुद्दे पुन्हा येतात याचेही कारण मला हेच वाटते. मधल्या काळात नवीन काही पाहिलेले नसेल, तर मनाने नवीन उत्तर आणायचे कुठून?

जांभा
वरील दोन्ही प्रतिसादांचा आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. मी राजापूर तालुक्यातला आंबा बागायतदार आहे, आणि 'करून पाहा' हा सल्ला देणाऱ्यांनी हापूसचे कलम लावून पाहावे असे मला वाटते. कलमाला फळ दिसायला पाच-सहा वर्षे जातात आणि खर्च निघण्याजोगे उत्पन्न यायला त्याहूनही अधिक. पुढे मोहोर आला की तुडतुडे, फुलकिडे, अवकाळी पाऊस आणि वाशीच्या बाजारातला भाव. चार शनिवार-रविवार बागेत येऊन गेलेल्या माणसाला यातले काय कळणार?

दुसरे असे की आवड आधी असते आणि काम मागून येते, हे मला पटत नाही. वडील गेल्यावर बाग माझ्याकडे आली तेव्हा तिची मला काडीचीही आवड नव्हती. छाटणी समजली, पालवी पाहून मोहोराचा अंदाज बांधता येऊ लागला, तेव्हा कामात जीव रमू लागला. हातात कसब आले की आवड येते, आणि कसब यायला एका जागी टिकावे लागते. घरात कर्ज असलेल्या मुलांना 'नवनवे अनुभव घ्या' असे सांगताना त्याचा खर्च कोण देणार, हेही सांगावे.

मचवा
जांभाभाऊंचा खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणून माझा अनुभव सविस्तर लिहितो. आमचे घराणे मालवणचे, रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरणारे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात कमाई नसते, पण वेळ असतो, आणि रिकाम्या वेळात काही शिकले तर रोज बुडत नाही. मी आधी पोहणे आणि प्रथमोपचार यांची तयारी केली, मग तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाच्या केंद्रात स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण घेतले. आई रोज विचारायची, "रापण सोडून काय करतलस?" आणि तेव्हा तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

शिकताना दोन गोष्टी कळल्या, ज्या घरी बसून कधीच कळल्या नसत्या. पहिली म्हणजे, हा धंदाही पावसाळ्यात बंदच असतो. ज्या महिन्यांत मासेमारीतून पैसा येत नाही त्याच महिन्यांत इथूनही येत नाही, त्यामुळे एकाचा आधार दुसऱ्याला होत नाही. रस्त्यावरचे फलक पाहून हे लक्षात येत नाही. दुसरी म्हणजे, मला पाण्याखाली जाण्यापेक्षा पाण्यातून वर आलेल्या माणसाला त्याने काय पाहिले ते समजावून सांगणे अधिक आवडते. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, पण इथल्या प्रवाळांबद्दल आणि खडकांवरच्या जीवांबद्दल आमच्याच मुलांना फार थोडे ठाऊक असते. आता मी हंगामात डायव्हिंगचे काम करतो आणि ओहोटीच्या वेळा पाहून शाळांच्या सहलींना खडकाळ किनारा दाखवतो. हे दुसरे काम कोणाच्याही यादीत नव्हते, माझ्याही नव्हते.

ओंजळ
मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगते. जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये अशी मांडणी केली की माणसांचे आणि कामाच्या परिसरांचे सहा प्रकार मानता येतात, आणि माणसाचा प्रकार परिसराशी जुळला की समाधान वाढते. आजच्या अनेक अभिरुची चाचण्यांचा पाया हाच आहे. या मांडणीत माणूस आधी स्वतःला ओळखतो आणि मग काम निवडतो. पुढे 1999 मध्ये जॉन क्रम्बोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार मांडला. आयुष्यातील बरीच वळणे योगायोगाने येतात, म्हणून योगायोग घडतील अशा ठिकाणी जाणे आणि घडल्यावर ते वापरता येणे हेच कौशल्य आहे, असे ते म्हणतात. त्यासाठी त्यांनी कुतूहल, चिकाटी, लवचीकता, आशावाद आणि जोखीम घेण्याची तयारी हे पाच गुण सांगितले. मचवादादांचे ओहोटीचे वर्ग हे त्याचे फार चांगले उदाहरण आहे.

जांभाभाऊंचे म्हणणे यात बसत नाही असे मात्र नाही. चिकाटी त्या यादीत आहेच.

एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. आत्मपरीक्षण आणि घोळत बसणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. 'माझे असे का होते' हा प्रश्न माणसाला त्याच जागी फिरवत ठेवतो. 'गेल्या आठवड्यात नेमके काय घडले आणि पुढच्या आठवड्यात मी काय बदलून पाहीन' या प्रश्नातून पुढचे पाऊल निघते. खाडीकाठ यांनी सुचवलेली दोन ओळींची नोंद म्हणूनच उपयोगी आहे.

वाडीवरची
सुरंगी, तू घरच्या खोल्या पर्यटकांना द्यायचे म्हणतेस, तर मी थोडे स्पष्ट लिहिते. आमचे दापोली तालुक्यात घरगुती निवासाचे काम आहे. लोकांना वाटते की ज्याला स्वयंपाकाची आवड त्याने हे करावे. प्रत्यक्षात स्वयंपाक हा कामाचा लहान भाग आहे. चादरी-टॉवेल धुणे आणि वाळवणे, पाण्याची टाकी, वीज गेल्यावरची धावपळ, रात्री अकराला पोचणारे आणि तेव्हा मासळीचे जेवण मागणारे पाहुणे, दूरध्वनीवर तासभर चौकशी करून न येणारे लोक, आणि या सगळ्यात शांत राहणारा चेहरा, हे खरे काम. आपल्या घरात परकी माणसे वावरतात ते सहन होते का, हा प्रश्न पैशाच्या आधीचा आहे. माझ्या जावेला सुगरण म्हणून सगळे ओळखतात, पण तिला ते सहन झाले नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की कोणत्याही कामाचा भर आणि त्याचा पडता काळ, दोन्ही पाहा. आमच्याकडे मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी पाहुणी म्हणून नव्हे तर मदतीला ये, आणि मग जुलैत पुन्हा ये, जेव्हा खोल्या रिकाम्या असतात, भिंतींना ओल येते आणि आम्ही हिशेबाची वही घेऊन बसलेले असतो. ती वही मी तुला दाखवीन. जुलै पाहूनही इच्छा टिकली, तर घरच्यांशी बोल.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासव महोत्सवाच्या दिवसांत गावकरी राहत्या घरात पाहुण्यांची सोय करतात. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात आणि हंगाम सरला की घर पुन्हा घरच्यांचे होते. इतक्या छोट्या प्रमाणावर सुरुवात करता येते, हे तिथे जाऊन जरूर पाहा.

सडा
राज्यसेवेचा अभ्यास करायचा विचार असेल तर वयोमर्यादा आणि स्वतःची मुदत दोन्ही आधी ठरवून घ्या.

सुरंगी
सर्वांचे मनापासून आभार. खाडीकाठ यांच्या सांगण्यावरून नोंदी ठेवायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत दिसलेली गोष्ट अशी, की नमुना अपेक्षेप्रमाणे आला नाही आणि त्याचे कारण शोधायचे असले की माझी पाळी केव्हा संपते ते मला कळत नाही, आणि नेहमीचे नमुने तपासताना घड्याळ पुढे सरकत नाही. सडा यांच्या मुद्द्याबद्दल कोणी अधिक लिहील का?

सडा
लिहितो. खुल्या प्रवर्गासाठी राज्यसेवेची कमाल वयोमर्यादा 38 वर्षे आहे, आणि ती इतकी असल्यामुळे 'अजून एक वर्ष' म्हणत राहणे फार सोपे होते. माझ्या ओळखीत तिशी ओलांडेपर्यंत अभ्यासिकेत बसलेली हुशार मुले आहेत. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण परीक्षेची तयारी म्हणजे त्या पदाच्या कामाचा अनुभव नव्हे. इतिहास आणि राज्यघटना वाचायला आवडते म्हणून नायब तहसीलदाराचे काम आवडेल असे नाही. मार्चअखेरीस तहसील कार्यालयात थोडा वेळ बसून पाहा, वसुलीचे उद्दिष्ट, दाखल्यांची रांग, जमिनीच्या वाटण्यांचे वाद आणि अतिवृष्टीनंतरचे पंचनामे यांबद्दल त्या माणसांशी बोला, आणि हे काम आपल्याला करायचे आहे असे वाटले तरच पुस्तके विकत घ्या.

समुद्रगंध
मी व्यापारी जहाजांवर काम करतो. काही कामे अशी असतात की ती थोडीशी करून पाहता येत नाहीत, आणि त्यांच्याबद्दल इथे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमच्याकडची बरीच मुले दहावी-बारावीनंतर जहाजावर जाण्याचा विचार करतात. जी. पी. रेटिंगचा, म्हणजे जहाजावरच्या सर्वसाधारण खलाशाच्या कामाचा, अभ्यासक्रम सहा महिन्यांचा निवासी असतो, त्यानंतर थेट जहाज. मधूनच सोडून घरी येता येत नाही. अशा वेळी पर्याय एकच, ज्यांनी ते आयुष्य जगले आहे त्यांना विचारणे. टिकलेल्यांना विचारा, सोडून आलेल्यांनाही विचारा, आणि त्यांच्या पत्नींना तर अवश्य विचारा, कारण सहा-आठ महिने घर एकटीने चालवणे म्हणजे काय ते जहाजावरचा माणूस सांगू शकत नाही.

एक इशारा. नोकरी मिळवून देतो म्हणून लाखो रुपये मागणारे दलाल आपल्या किनाऱ्यावर गावोगाव फिरतात. भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे की नाही हे त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येते. ते तपासल्याशिवाय कोणाच्या हाती एक रुपयाही देऊ नये.

निवृत्त मास्तर
दापोलीचा उल्लेख आला म्हणून मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांची आठवण होते. 1875 च्या सुमारास ते परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पुढे 1884 मध्ये ते गणित घेऊन पदवीधर झाले, 1891 पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले, आणि ज्या कार्यासाठी आज आपण त्यांना ओळखतो ते महिला विद्यापीठ 1916 मध्ये स्थापन झाले तेव्हा त्यांचे वय 58 वर्षांचे होते. सतराव्या वर्षी त्यांच्या मनात यातले काही असेल असे मला वाटत नाही. एक काम करताना पुढचे काम दिसत गेले.

जांभा
मास्तर, कर्व्यांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, परंतु थोरांची उदाहरणे दिली की सामान्य घरातल्या मुलीला आपण कमी पडतो असे वाटण्याचाच संभव अधिक. तसे पाहिले तर आपल्या म्हणण्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. त्यांनी गणित शिकवण्याला वीसेक वर्षे दिली होती.

वाडीवरची यांनी सांगितलेली 'पडता काळ पाहा' ही गोष्ट मात्र मला पूर्ण पटली. कलमाला फळ येण्याची वाट पाहून आंब्यातून मिळकत होईल की नाही ते कळेल, पण फवारणीच्या दिवसांत पहाटे उठून पंप घेऊन कातळावर चढणे आपल्या स्वभावात आहे की नाही, ते एका हंगामातही कळू शकते. या दोन प्रश्नांची मी गल्लत करत होतो असे म्हणणे बरोबर होणार नाही, पण ते इतके वेगळे करून कोणी मांडलेही नव्हते.

कातळफूल
थोडा निराळा विचार मांडते. रत्नागिरी-राजापूर परिसरातल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरची, कातळशिल्पे (खडकात कोरलेली चित्रे) शोधण्यात आणि त्यांच्या नोंदी करण्यात मोठा वाटा अशा माणसांचा आहे, ज्यांचे पोट त्या कामावर अवलंबून नव्हते. नोकरी-व्यवसाय सांभाळून, सुट्टीच्या दिवशी सडे तुडवत, गुराख्यांना आणि गावातल्या वृद्धांना विचारत त्यांनी हे काम केले, आणि 2022 मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. त्यांनी नोकरी सोडली असती तर हे काम इतकी वर्षे टिकले असते का, मला शंका आहे.

म्हणून ज्यात मन रमते त्यातूनच पगार मिळाला पाहिजे, हा आग्रह तपासून घ्यावा असे मला वाटते. कधी नोकरी बदलावी लागत नाही, नोकरीबाहेरचा वेळ बदलावा लागतो.

खाडीकाठ
कातळफूल यांचे म्हणणे खरे आहे, पण पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याच्या रविवारचा भरवसा नसतो. ज्याला ठरलेली सुट्टीच मिळत नाही त्याने आधी दिवसपाळीची नोकरी मिळवावी, हाच कदाचित पहिला बदल असेल.

सुरंगीताई, तुमच्या नोंदीतून मला जे दिसते ते लिहितो. तुम्हाला बिघाडाचे कारण शोधणे आवडते. हे काम तपासणीपेक्षा प्रक्रिया विकसित करण्याच्या बाजूचे आहे. आंबा-कोकमाच्या उद्योगात त्याला भरपूर वाव आहे, कारण रस फसफसला का, रंग काळवंडला का, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) टिकले का नाही, हे सगळे रसायनशास्त्राचेच प्रश्न आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठात फळप्रक्रियेवर काम होते. तिथली अल्प मुदतीची प्रशिक्षणे कधी असतात याची चौकशी करा.

सुरंगी
तसेच ठरवते आहे. राज्यसेवेचा विचार मी तूर्त बाजूला ठेवला आहे, कारण सडा यांचा प्रतिसाद वाचल्यावर मला ते पद हवे होते, ते काम नको होते, हे लख्ख दिसले. मे महिन्यात वाडीवरचीताईंकडे मदतीला जाईन आणि पावसातही पुन्हा जाईन. प्रक्रिया उद्योगाबाबत मात्र आमच्या भागात हंगामात काम पाहू देणारे कोणी ओळखीचे नाही. घरच्या कोकमांची आमसुले आई करते, पण विक्रीच्या प्रमाणावरचे काम मी पाहिलेले नाही.

जांभा
ताई, माझ्या चुलतभावाचे आंब्याच्या रसाचे कॅनिंग आहे. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, बाजारात भाव उतरला की फळ आमच्याकडे वळते, आणि त्या दिवसांत पहाटेपासून रात्रीपर्यंत काम असते. रसाची गोडी, आम्लता आणि डबा बंद करतानाचे तापमान पाहायला जाणते माणूस नेहमीच कमी पडते. आठवड्याभराची रजा काढून या. राहण्याची सोय आमच्या घरी होईल, माझी आई आणि पत्नी आहेत. इतरांना जी मजुरी देतो ती तुम्हालाही मिळेल आणि ती तुम्ही घ्यावी, कारण फुकट काम करणाऱ्याला कोणी खरे काम सांगत नाही. फळ सोलण्यापासून सुरुवात करावी लागेल.

सुरंगी
येते. रजेचा अर्ज उद्याच देते आणि तारखा तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून कळवते.